आजकाल काय ऐकता?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होतो. सदऱ्याच्या खिशातून कानात घालायची वायर बाहेर लोंबत होती. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचे तिकडे लक्ष गेले. त्यांनी हसून विचारले, "क्या सुनते आजकल?" प्रश्नात ना चौकशी होती, ना टोमणा. म्हाताऱ्या माणसाने वाटेत दोन शब्द बोलावेत, तेवढेच. आमच्या तोंडून मात्र उत्तर गेले, "बयान सुनते, चाचा." चाचा 'माशाअल्लाह' म्हणाले, आमच्या पाठीवर हात ठेवला आणि काठी टेकीत निघून गेले.

खिशातल्या मोबाइलमध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. मशिदीकडे येताना ती आम्ही अर्ध्यावर थांबवली होती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी गावातल्या गाणेवेड्या मंडळींची बैठक होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी माडीवर आम्ही जमतो. एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक प्राध्यापक, एक किराणा दुकानदार, आणि आम्ही. त्या मंडळीत मुसलमान आम्ही एकटेच. चहा येईपर्यंत तिथेही हाच प्रश्न फिरतो, "सध्या काय ऐकताय?" आमची पाळी आली तेव्हा आम्ही सहा नावे सांगितली. फैय्याज खाँसाहेबांची जयजयवंती, अमीर खाँसाहेबांचा मारवा, आणखी काय काय. त्यातल्या दोन चिजा आम्ही पुरत्या ऐकल्याही नव्हत्या. शिवाय बोलताना 'आमचे खाँसाहेब' म्हणालो, आणि त्यातला 'आमचे' जरा जोरात म्हणालो. मंडळी कौतुकाने माना डोलावत होती.

एकाच आठवड्यात एकाच प्रश्नाला दोन उत्तरे दिली आणि दोन्ही खोटी. एका ठिकाणी जवळ होते ते लपवले, दुसऱ्या ठिकाणी जवळ नव्हते ते दाखवले. त्या रात्री झोप लागेना तेव्हा ध्यानात आले की या दोन खोट्यांचे मूळ एकच आहे. दिखाव्याला आपल्याकडे रिया म्हणतात, आणि इबादतीत रिया शिरली तर इबादतसुद्धा वाया जाते, हे लहानपणी मक्तबात शिकलेलो. मशिदीच्या पायरीवर आम्हाला दीनदार दिसायचे होते, माडीवर रसिक दिसायचे होते. ऐकणे राहिले बाजूलाच.

हा आमच्या एकट्याचा दोष असता तर इथे लिहिला नसता. पण आजूबाजूला पाहतो तेव्हा वाटते, मराठी मुलखातले आम्ही बरेचसे सुशिक्षित मुसलमान असेच वागतो. या देशाच्या घडणीत तुमचे काय, असे कुणी विचारले की आम्ही चटकन उस्तादांची नावे काढतो. ओळखपत्र काढावे तशी. मोहल्ल्यात परत आलो की तेच ओळखपत्र खिशात खोल ढकलतो. ज्यांच्या नावावर आम्ही बाहेर मान मिळवतो, त्यांचे गाणे घरात दार लावून ऐकतो, किंवा ऐकतच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही फतवा द्यायला बसलेलो नाही. वाद्यांसह गाणे नाजायज मानणारे उलेमा पूर्वीही होते, आजही आहेत, त्यांच्याजवळ त्यांची दलील आहे. जो माणूस मनापासून ती मानतो आणि गाणे सोडतो, त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे. आमच्या घरातच असा एक माणूस आहे, त्याच्याविषयी पुढे येईलच. आमचा प्रश्न वेगळा आहे. जो ऐकतो, त्याने काय ऐकतो ते सांगावे का? कुणाला, कशासाठी आणि कसे सांगावे?

याचा विचार करताना आम्हाला जुन्या बुजुर्गांची मदत झाली. इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात समाअवर, म्हणजे ऐकण्यावर, एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. गझालींचे निधन 1111 मधले. ऐकण्याला परवानगी की मनाई, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून असते तेच गाणे हलवते, असा त्यांचा रोख आहे. मग ते ऐकण्याचे अदब सांगतात, आणि तिथे जुनैद बगदादींचा हवाला येतो. ऐकायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वेळ, जागा आणि सोबती. आपल्याकडे दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया, ज्यांचे निधन 1325 मधले, तेही शर्ती सांगत. गाणारा कसा असावा, ऐकणारा कसा असावा, काय गायले जावे, कोणत्या साधनाने.

आमचे लक्ष त्या 'सोबती' या शब्दावर खिळले. वेळ आणि जागा समजू शकते. अजान होत असताना कुणी गाणे लावत नाही, बाजारात गाणे कानात शिरत नाही. पण सोबती कशाला? मोबाइलच्या जमान्यात तर सोबत्याची गरजच संपली आहे. वायर कानात घातली की झाले. तरीही या माणसांनी ऐकण्याच्या अटींत माणूस घातला, तो का, याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा आम्ही अब्बांच्या दुकानात शोधले.

अब्बांचे शिवणकामाचे दुकान होते. दहा बाय बारा. एका कोपऱ्यात चावीचा फोनो आणि लाकडी पेटीत चौदा तबकड्या. बहुतेक मिरज-सांगलीच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या. त्यांत पाच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, ओडियन कंपनीच्या, 1934 ते 1936 या काळात निघालेल्या. अब्बा गाण्याबद्दल कधी बोलले नाहीत. हे थोर आहे, ते हलके आहे, असे त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले नाही. गिऱ्हाईक पँट न्यायला यायचे. ती तयार नसायची, कारण अब्बांची कोणतीच पँट वेळेवर तयार नसायची. मग अब्बा फोनोला चावी द्यायचे आणि म्हणायचे, "बसा, इस्त्री होईपर्यंत एवढं ऐका." तबकडीची एक बाजू म्हणजे सव्वातीन मिनिटे. तेवढ्यात पँटीला इस्त्री होते. गिऱ्हाईक पँट घेऊन जायचे. एखादा मात्र इस्त्री झाल्यावरही बसून राहायचा. अब्बा त्याच्याकडे न पाहता तबकडी उलटवायचे.

शाळेतले एक गुरुजी असेच बसून राहणाऱ्यांपैकी. ते कापडी पिशवीतून तबकडी घरी न्यायचे, महिना-दोन महिन्यांनी आणून द्यायचे, दुसरी न्यायचे. त्याची नोंद अब्बांच्या मापाच्या वहीत असायची. छाती छत्तीस, कंबर तीस, आणि त्याखाली 'झिंझोटी, गुरुजी.' हिशेबाची वेगळी वही अब्बांकडे नव्हती.

ईदच्या दिवशी अम्मा शेजारीपाजारी शीरखुर्मा पाठवायची तेव्हा ताटावर रुमाल टाकायची. ताट उघडे नेले तर सगळ्या गल्लीला दिसेल की कुणाच्या घरी किती बदाम-पिस्ते पडलेत. रुमाल टाकला की ताट फक्त ज्याच्यासाठी आहे त्याचे. आणि पाठवायचेच नाही, तर मग ईद कसली? अब्बांच्या "एवढं ऐका" ची रीत आम्हाला त्या रुमालासारखी वाटते.

वर्षातून एकदा अब्बा आम्हाला मिरजेला न्यायचे, ख्वाजा शमना मीरांच्या उरुसाला. मिरज ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. दर्ग्याच्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मन रमले ते मिरजेत. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमलकोविल स्टेशनवर त्यांचे निधन झाले, आणि तिथून त्यांना मिरजेत आणून दफन केले. उरुसात चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे होते. हजेरी लावायला मोठमोठे कलावंत येतात. गावात तंबोरे-सितारी घडवणारी शिकलगार घराणी आहेत. पूर्वी शस्त्रांना धार लावणारे हात पुढे वाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा येतो पंढरपूरकडून. म्हणजे विठोबाच्या मुलखातला भोपळा, मुसलमान कारागिराचा हात, आणि त्यावर गाणारा कुणीही. हे वाक्य आम्ही माडीवरच्या बैठकीत बऱ्याचदा ऐकवले आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. आता लिहितानाही हात जरा अडखळला.

अब्बा 1992 मध्ये गेले. दोन वर्षांनी थोरले भाई चिल्ल्याला गेले आणि चाळीस दिवसांनी परतले ते बदलून. लोकांचा समज असतो की असा बदललेला माणूस कठोर होतो. भाई तसे झाले नाहीत. परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अब्बांची बारीकसारीक देणी शोधून काढली आणि एकेकाच्या दारात जाऊन फेडली. बँकेतले व्याज घेणे बंद केले. आणि मग एक दिवस म्हणाले, ही पेटी घरात नको.

त्यांनी तबकड्या फोडल्या नाहीत, आदळआपट केली नाही. भंगारवाल्याला बोलावले. त्याने पेटीचे पैसे दिले, तबकड्या नुसत्याच उचलल्या, लाखेला कोण विचारतो म्हणाला. फोनोचा कर्णा त्याच्या हातगाडीवर उलटा ठेवलेला आम्हाला आजही दिसतो.

आम्ही तिथेच उभे होतो. वय तिशीचे, नोकरी पक्की, भाड्याचे का होईना स्वतंत्र बिऱ्हाड. "मला द्या" एवढे दोन शब्द पुरले असते. भाईंनी कदाचित नाराजीने का होईना दिलीही असती. पण ते दोन शब्द म्हणजे कबुली होती. आम्ही ऐकतो, अजून ऐकतो, ही कबुली. ती देण्यापेक्षा आम्ही अब्बांची पेटी जाऊ दिली. पुढे कित्येक वर्षे आम्ही मित्रांना सांगत होतो की भाईंनी तबकड्या घालवल्या. भाईंनी जे केले ते स्वतःच्या ईमानाला धरून, उघड्यावर. आम्ही गप्प राहिलो ते कशाला धरून?

2006 मध्ये गुरुजींचा मुलगा दारात आला. गुरुजी वारले होते, कपाट आवरताना कापडी पिशवीत एक तबकडी सापडली, तिच्यावर अब्बांच्या दुकानाचा शिक्का. "तुमची आहे," म्हणून देऊन गेला. झिंझोटीच. काठाला तडा गेला होता. एका ओळखीच्यांकडे वाजवून पाहिली तर दर फेऱ्याला टक्क असा आवाज, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. पण खाँसाहेबांचा सूर त्या टकटकीच्या पलीकडून जसाच्या तसा येत होता.

चौदापैकी तेरा घरात राहिल्या त्या गेल्या. जी अब्बांनी दुसऱ्याच्या घरी दिली होती ती उरली.

संगीताच्या इतिहासातही असे काही घडलेले दिसते. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. आज कुणाला ती बढाई वाटेल. पण तबकड्या तयार होत त्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना कळायला हवे की कुठली तबकडी कुणाची. नाव सांगणे हे कामापुरते होते. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपला सूर मोकळ्या हाताने तबकडीला दिला. तो ऐकून गदगकडचा एक मुलगा वेडा झाला आणि 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडून निघाला, ही भीमसेन जोशींची कथा सर्वांना ठाऊक आहे. वणवण करून तो अखेर पोहोचला तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारात.

याच्या नेमके उलटे कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली गायकीचा एवढा मोठा माणूस, 1946 मध्ये मुंबईत निधन, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण होऊच दिले नाही. म्हणजे उस्तादांनी विद्या लपवली असे म्हणावे काय? घाईने म्हणता येते, आम्हीही पूर्वी म्हणत होतो. पण त्यांनी 1921 पासून गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांना वर्षानुवर्षे तालीम दिली. मोगूबाई कुर्डीकरांना दिली, आपल्या मुलांना दिली. ज्याला द्यायचे त्याला समोर बसवून दिले. नासाने 1977 मध्ये व्हॉयेजर याने सोडली, त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर जगभरातले संगीत आहे आणि त्यात केसरबाईंची भैरवी आहे, साधारण साडेतीन मिनिटांची. निवड करणाऱ्यांना तिची प्रत मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखालच्या खोक्यात धूळ खात पडलेली सापडली. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. 2012 मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले. ज्या उस्तादाने आपला आवाज कर्ण्यापुढे नेला नाही, त्याची तालीम तिथे आहे.

म्हणून आता आम्हाला वाटते की द्यावे की झाकावे हा प्रश्न नीट मांडलेला नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडीला नकार दिला, पण माणसाला दिला नाही. आम्ही मात्र रोज सकाळी मोबाइलवरून पन्नास जणांना गाणी ढकलतो. कुणी ऐकतो का, कुणाला कोणते हवे, याचा पत्ता नसतो. समोरून अंगठा येतो, आम्हीही त्यांच्या गाण्याला अंगठा देतो. त्यात पाठवणाऱ्याने ऐकलेले नसते आणि घेणाराही ऐकत नाही. अब्बा तबकडी लावायचे तेव्हा त्यांना स्वतःलाही सव्वातीन मिनिटे मशीन थांबवावे लागायचे. मशीनच्या खडखडाटात खाँसाहेब ऐकू येत नसत. गिऱ्हाइकाला ते गाणे देत होते, आणि आपली तेवढी मजुरी सोडत होते. जुनैदांच्या 'सोबती' चा अर्थ हाच असावा, असे आम्ही धरून चालतो. आलिमांनी दुरुस्त करावे.

मशिदीच्या पायरीवरच्या चाचांना आम्ही नंतर खरे सांगितले का? सांगायला गेलो होतो. ते आजारी होते. त्यांच्या घरी तासभर बसलो, त्यांच्या नातवाच्या नोकरीविषयी बोललो आणि परत आलो. चार महिन्यांनी त्यांच्या जनाजाला खांदा दिला. ते उत्तर तसेच राहून गेले.

भाभी गेल्यानंतर, मागच्या हिवाळ्यापासून, भाई आमच्याकडे राहायला आले आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. फजरला तेच आम्हाला उठवतात. एका दुपारी आम्ही खोलीत वायर घालून पडलो होतो. भाई पाण्याचा तांब्या घ्यायला आत आले आणि थांबून म्हणाले, "क्या सुन रहा रे?"

क्षणभर तोंडाशी 'बयान' आलेच. तीस वर्षांची सवय.

"अब्बा की झिंझोटी," आम्ही म्हणालो.

भाई काही बोलले नाहीत. तांब्या घेतला. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "वो वायर कान में घालता, कान खराब होते. लगा वैसेच. मी बाहेर ओसरीवर बसतो."

आम्ही वायर काढली. मग उठून, त्यांना त्रास नको म्हणून, खिडकी लावायला गेलो तर बाहेरून आवाज आला, "खिडकी राहू दे. उकडतंय."